आठास एक

संत्र्यांनी भरलेला रेल्वेचा एक डबा. फ्लोरिडातल्या ऑरेंज काउंटीतून तो अलाबामातल्या बर्मिंगहॅमला जायचा होता. माल पाठवणारा स्लाय नावाचा माणूस, माल घेणारे बर्मिंगहॅमचे व्यापारी आणि वाहतूक सीबोर्ड एअर लाइन कंपनीची. (नावात 'एअर' असले तरी ही रेल्वेच. सरळ रेषेत धावणाऱ्या मार्गाला तिकडे तेव्हा 'एअर लाइन' म्हणत. हे नाव पडले तेव्हा विमान आलेच नव्हते.) असे डबे रोज सुटत. पण या डब्यातली फळे कच्ची आणि खाण्यास अयोग्य आहेत, असा सरकारी वकिलाचा आरोप होता, आणि कच्ची संत्री विकणे किंवा विक्रीसाठी रवाना करणे हा फ्लोरिडात १९११ पासून गुन्हा होता. स्लायला ताब्यात घेतले गेले. त्याला ताब्यात ठेवणाऱ्या कर्कवुड यांच्याकडून सुटण्यासाठी त्याने हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. राज्याच्या न्यायालयांनी दाद दिली नाही, तेव्हा तो थेट वॉशिंग्टनला गेला. १९१५ च्या एप्रिलमध्ये 'स्लाय विरुद्ध कर्कवुड' या खटल्याचा निकाल न्यायमूर्ती विल्यम डे यांनी दिला.

एका डब्यातल्या आंबट फळांसाठी देशाचे सर्वोच्च न्यायालय बसले, हे वाचून हसू येते. पण स्लायचा मुद्दा हसण्यासारखा नव्हता. राज्याराज्यांतल्या व्यापारावर कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे देशाच्या संसदेला, दिला आहे. मग अलाबामाला निघालेला माल फ्लोरिडाने का अडवावा? बर्मिंगहॅमच्या लोकांना आंबट संत्री नको असतील तर ते घेणार नाहीत, फ्लोरिडाच्या पोटात का दुखते?

पोटात का दुखत होते, ते कळायला फळ समजून घ्यावे लागते.

आपले नागपुरी संत्रे सैल सालीचे, बोटांनी सोलायचे. फ्लोरिडाचे 'ऑरेंज' घट्ट सालीचे, चिरून किंवा रस काढून खायचे. नात्याने ते आपल्या मोसंबीच्या घरातले. पण या सगळ्या कुळाचा एक स्वभाव सारखा आहे. आंबा, केळे, चिकू करकरीत असताना उतरवून अढीत घातले तरी पिकतात, कारण त्यांच्या गरात साठवलेल्या पिष्टाची तोडणीनंतर साखर होत राहते. संत्र्याच्या पोटात हा साठाच नसतो. देठ तुटला त्या क्षणी जेवढी गोडी, तेवढीच त्याच्या नशिबी. दुसरी गंमत सालीची. साल नारिंगी होते ती थंडीने, गोडीने नव्हे. रात्री गार पडू लागल्या की सालीतले हिरवे द्रव्य विरते आणि खालचा रंग वर दिसतो. म्हणून उष्ण प्रदेशात पूर्ण पिकलेले फळही हिरवेच राहते. व्हॅलेन्शिया जातीचे फळ तर झाडावर पिकून नारिंगी झालेले असताना वसंतातल्या उबेने पुन्हा हिरवट होते. विदर्भात आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिरवट सालीने बाजारात येतो आणि गिऱ्हाईक 'कच्चा दिसतो' म्हणून भाव पाडून मागते, तेव्हा बागवानाचा जो संताप होतो, तो फ्लोरिडाच्या बागवानाला चांगला ठाऊक होता.

पण दुकानात गिऱ्हाईक संत्रे चाखून घेत नाही, पाहून घेते. डोळ्यांना एक सांगायचे आणि जिभेला दुसरे द्यायचे, ही सोय फळानेच व्यापाऱ्याला करून दिली होती.

फळ लवकर बाजारात नेण्याची फ्लोरिडाला घाई होती, त्यालाही कारण होते. २९ डिसेंबर १८९४ रोजी तिथे कडाक्याची थंडी पडली आणि झाडावरची फळे गोठली. झाडे मात्र बहुतेक वाचली. जानेवारीत हवा उबदार झाली, फांद्यांत रस चढला, नवी पालवी फुटली, बागवानांनी सुटकेचा श्वास सोडला. फेब्रुवारी १८९५ च्या पहिल्या आठवड्याअखेर दुसरी लाट आली. रस चढलेल्या फांद्या गोठून साली फुटल्या, झाडे बुंध्यापर्यंत मेली. पन्नास लाखांहून अधिक पेट्या पिकवणाऱ्या राज्याचे उत्पादन पुढच्या हंगामात सुमारे दीड लाखावर आले. लोक घरेदारे सोडून निघून गेले. पूर्वीच्या आकड्यापर्यंत परत यायला जवळपास पंधरा वर्षे लागली.

त्या पंधरा वर्षांत कॅलिफोर्नियाने बाजार बळकावला. तिथे रिव्हरसाइडला एलायझा टिबेट्स यांच्या अंगणात १८७३ च्या सुमारास ब्राझीलमधल्या बाहियाहून आलेल्या वाणाची दोन रोपे लागली, आणि त्यांच्या डोळ्यांपासून वॉशिंग्टन नेव्हल संत्र्याच्या बागाच्या बागा उभ्या राहिल्या. तिथल्या बागवानांची सहकारी संस्था १८९३ पासून काम करत होती. १९०८ मध्ये तिने सनकिस्ट हे नाव घेऊन जाहिरात सुरू केली. फ्लोरिडाच्या बागवानांचे एक शिष्टमंडळ १९०९ मध्ये कॅलिफोर्नियाला जाऊन हे सगळे पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी आपलीही सहकारी एक्स्चेंज काढली. पण एका गोष्टीत फ्लोरिडा सनकिस्टच्या पुढे जाऊ शकत होता. कॅलिफोर्नियाचे नेव्हल नोव्हेंबरच्या आसपास उतरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजार मोकळा असतो आणि पहिल्या मालाला जो भाव मिळतो तो नंतर मिळत नाही. आपल्याकडे पहिल्या हापूस पेटीचे जे होते तेच. फरक इतकाच, की पहिली हापूस पेटी अढीत पिकते.

संत्रे अढीत पिकत नाही; पण रंगते. बंद खोलीत ऊब आणि दमट हवा ठेवून, शेगडी पेटवून फळ दोन-चार दिवस ठेवले की हिरवी साल पिवळी होते. याला तिकडे 'स्वेटिंग' म्हणत, म्हणजे फळाला घाम काढणे. सप्टेंबरातले हिरवेगार, आंबटढाण फळ या खोलीतून डिसेंबरातल्या फळाचा चेहरा घेऊन बाहेर पडे. आत काहीच बदललेले नसे. न्यूयॉर्कमधली गृहिणी डझनभर घेऊन जाई, मुलाने पहिली फोड तोंडात घालून थुंकली की ती पुढचे दोन महिने फ्लोरिडाचे नाव काढत नसे. डिसेंबरात खरोखर गोड माल घेऊन येणाऱ्या बागवानाला त्या फोडीची किंमत मोजावी लागे.

अमेरिकेत १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषध कायदा झाला होता आणि कृषी खात्याच्या रसायन विभागाचे प्रमुख हार्वी वायली तो हातात घेऊन दुधापासून दारूपर्यंत सगळ्यांच्या मागे लागले होते. १९११ मध्ये त्यांच्या खात्याने 'अन्न तपासणी निर्णय १३३' काढला. विषय: हिरव्या संत्र्यांना रंग आणणे. कच्ची संत्री उबदार दमट खोलीत ठेवून पिकल्यासारखी दाखवणे म्हणजे हलका माल रंगाने झाकणे, आणि हलका माल रंगाने झाकणे म्हणजे भेसळ, असा त्याचा अर्थ. कच्च्या फळाने विशेषतः मुलांच्या पोटाला त्रास होतो, असेही त्यात म्हटले होते. फळात बाहेरून काहीच घातलेले नसताना त्याला भेसळ म्हणणे हे डोके मला आवडते. भेसळ मालात नव्हती, मालाच्या बोलण्यात होती.

त्याच वर्षी फ्लोरिडाच्या विधिमंडळाने स्वतःचा कायदा केला, आणि स्लाय त्यातच अडकला. सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडाच्या बाजूने कौल दिला. संत्र्याची लागवड हा त्या राज्याच्या मोठ्या उद्योगांपैकी एक. आपल्या फळाची परराज्यातली पत राखणे हे राज्याच्या अधिकारात बसते. काँग्रेसने या बाबतीत आड येणारा कायदा केलेला नाही, तोवर राज्याचा कायदा चालेल. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात हे. ग्राहकाचे पोट हा मुद्दा होताच, पण निकालातला जोर 'पत' या शब्दावर आहे. हा कायदा बागवानांनी बागवानांविरुद्ध मागून घेतला होता. एकाची लबाडी सगळ्यांच्या नावावर पडते, तेव्हा सरकारला बोलावणारे लोक सरकारी नसतात.

खटला संपला, पण खरी अडचण आता सुरू झाली. कच्चे म्हणजे काय? कायद्यात एक शब्द होता आणि तो शब्द कोर्टात सिद्ध करायचा होता. एक बागवान म्हणणार गोड आहे, निरीक्षक म्हणणार आंबट आहे. रंगावर जाता येत नाही, कारण हिरवे फळ पिकलेले असू शकते आणि पिवळे फळ कच्चे असते, हे तर वर पाहिलेच. आकारावर जाता येत नाही. तारखेवर जावे तर दर वर्षीचा पाऊस वेगळा. मग रसायन विभागाने रसालाच विचारायचे ठरवले.

संत्रे पिकते म्हणजे दोन गोष्टी होतात: साखर वाढते आणि आम्ल उतरते. जिभेला कळते ते या दोहोंचे नाते. विभागाच्या रसायनज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या बागांतले नमुने तपासून एक आकडा ठरवला: रसात विरघळलेले घन पदार्थ (ते बहुतांशी साखरच) आम्लाच्या आठपट असले तर फळ पिकले, त्याहून कमी असले तर कच्चे. आठास एक. १९१५ च्या आसपास हा आकडा संघराज्याच्या निरीक्षकांच्या हातात आला, कॅलिफोर्नियाच्या कायद्यात गेला, आणि फ्लोरिडानेही पुढे आपल्या पद्धतीने त्यात भर घालत गुणोत्तराचाच रस्ता धरला. फ्लोरिडाचे कोष्टक अधिक गुंतागुंतीचे झाले: साखर जास्त असेल तर गुणोत्तराची अट थोडी सैल, साखर कमी तर अट कडक, शिवाय फळात रस किती असावा याचाही हिशेब.

पॅकिंगहाउसच्या कोपऱ्यातले तपासणीचे टेबल डोळ्यांसमोर आणून पाहा. निरीक्षक ढिगातून हवी ती फळे उचलतो, आडवी चिरतो, रस पिळून कापडातून गाळतो. उंच काचेच्या नळीत रस ओतून त्यात एक तरंगकाटा सोडतो. रस जितका दाट तितका काटा वर राहतो. काट्यावरचा आकडा म्हणजे ब्रिक्स, शंभर भाग रसात घन पदार्थ किती त्याचे माप. मग २५ मिलिलिटर रस दुसऱ्या भांड्यात, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब. वरच्या नळीतून कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंब थेंब पडू लागते. भांडे हलवत राहायचे. थेंब पडतो तिथे गुलाबी डाग उमटतो आणि विरतो, उमटतो आणि विरतो. तो विरेनासा झाला, सगळा रस फिकट गुलाबी राहिला, की नळी बंद करायची आणि किती द्रावण गेले ते वाचायचे. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी केलेला हाच तो प्रयोग, फक्त इथे त्याच्यावर डबाभर मालाचे भवितव्य अवलंबून. एका आकड्याला दुसऱ्याने भागायचे. आठ किंवा वर आले तर डबा सुटला, सात पूर्णांक काहीतरी आले तर डबा राहिला. मालकाची जीभ काय म्हणते याला किंमत नाही. निरीक्षकाच्या जिभेलाही नाही.

याने बरेच काम झाले, हे कबूल केले पाहिजे. वाद मिटले, निदान वादाची जागा टेबलावर आली. शेगडीच्या खोलीचीही बदनामी थोडी धुऊन निघाली, कारण फळ आधीच पिकलेले असेल तर त्याची साल पिवळी केल्याने कुणाची फसवणूक होत नाही.

त्या शेगडीचे पुढे काय झाले, ते सांगायचा मोह आवरत नाही. सगळ्यांची समजूत अशी, की ऊब आणि दमटपणाने रंग येतो. १९१२ मध्ये कृषी खात्याच्या सीव्हर्स आणि ट्रू यांनी कॅलिफोर्नियातल्या लिंबांवर प्रयोग करून दाखवले, की काम उबेचे नाही, रॉकेलच्या शेगडीतून निघणाऱ्या धुराचे आहे. धुरातला नेमका कोणता वायू, हे शोधले लॉस एंजेलिसच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या फ्रँक डेनी यांनी: इथिलीन. १९२३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. शेगड्या गेल्या, सिलिंडर आले. आपल्याकडे कार्बाइडवर बंदी असताना फळे पिकवायला काय वापरायचे, या प्रश्नावर २०१६ मध्ये एफएसएसएआयने दहा लाखांत शंभर भागांपर्यंत इथिलीनला परवानगी दिली, तो हाच वायू. आज वाशीच्या किंवा नागपूरच्या रायपनिंग चेंबरमध्ये केळी-आंब्यांना जे दिले जाते, त्याचा हा उपयोग संत्र्या-लिंबांचा चेहरा रंगवण्याच्या खटपटीतून कळला.

आता आकड्याच्या फसवणुकीकडे येऊ. कायद्याने 'गोड हवे' म्हटले नव्हते. 'आठास एक हवे' म्हटले होते. भागाकाराला वर जायचे दोन रस्ते असतात. एक, वरचा आकडा वाढवणे, म्हणजे फळ झाडावर थांबवून साखर भरू देणे. त्याला वेळ लागतो आणि वेळ गेला की भाव जातो. दुसरा, खालचा आकडा पाडणे.

खालचा आकडा कसा पाडायचा, हे योगायोगाने कळले. कीड मारायला शिशाचे आर्सेनेट फवारत. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात नोंद झाली, की अशा फवाऱ्याच्या झाडांची फळे कमी आंबट निघतात. आर्सेनिक झाडात शिरले की फळात सायट्रिक आम्ल तयार होण्याचे कामच मंदावते. साखर आहे तेवढीच राहते, आम्ल घटते, भागाकार फुगतो. फ्लोरिडात १९२५ नंतर कच्च्या फळाचा कायदा अधिक कडक झाला होता. त्याच्या पाठोपाठ कीड असो-नसो, बागांत आर्सेनिकचे फवारे सुरू झाले. मुख्यतः ग्रेपफ्रूटवर, म्हणजे आपल्या पपनसाच्या भाऊबंदावर, कारण ते मुळातच फार आंबट, पण संत्र्यांवरही. असे फळ टेबलावर पास होई आणि तोंडात मिळमिळीत लागे. आंबटपणा गेलेला, गोडी न आलेली. सप्टेंबरात रंग खोटा असायचा, आता गुणोत्तर खोटे झाले.

विष फळावर फवारले जाते म्हणून लोक घाबरले असतील असे वाटेल. पण भांडण विषाइतकेच कच्चेपणाचे होते. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने १९२७ मध्ये आर्सेनिकवर बंदी घातली. कृषी आयुक्त होते नेथन मेयो, १९२३ पासून १९६० पर्यंत त्याच खुर्चीवर बसलेले गृहस्थ. त्यांच्याविरुद्ध मॅक्सी नावाची फळ कंपनी कोर्टात गेली, आणि १९३१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली.

पण या मधल्या काळात एक विचित्र प्रसंग घडला. एप्रिल १९२९ मध्ये ऑर्लँडोजवळ भूमध्य फळमाशी सापडली. वॉशिंग्टनहून पैसा आला, रस्त्यांवर पहारे बसले, लाखो फळे पुरली गेली, आणि माशी मारण्यासाठी बागोबाग गोड आमिषात कालवून जे फवारले गेले ते म्हणजे शिशाचे आर्सेनेट. राज्याच्या कायद्याने ज्याला बंदी, तेच संघराज्याचे सरकार स्वतःच्या हाताने झाडांवर टाकत होते. फळांतला आंबटपणा घटला, झाडांनाही त्रास झाला. कृषी खात्यानेच पुढे त्याचा अभ्यास छापला. माशी मात्र दीड वर्षात हटली. पुढे बंदी संत्र्यांपुरती राहिली आणि ग्रेपफ्रूटवर आर्सेनिक फवारायला मोकळीक मिळाली. अमेरिकेत शिशाच्या आर्सेनेटवर पूर्ण बंदी आली ती थेट १९८८ मध्ये.

१९३५ मध्ये फ्लोरिडाने सिट्रस कमिशन नेमले. तपासणी सक्तीची झाली, पेटीमागे कर बसला, त्यातून जाहिरात होऊ लागली, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर नाकी बसली. कारण रेल्वेचा डबा स्टेशनात अडवता येतो, रात्री सुटलेला ट्रक अडवायला नाकेच लागते. १९४९ च्या सिट्रस कोडने हे सगळे एका पुस्तकात बांधले.

आणि रंगाचे काय? तो गेला नव्हताच. फ्लोरिडाची रात्र कॅलिफोर्नियाइतकी गार होत नाही, त्यामुळे पिकलेले, आठास एकच्या वर गेलेले फळही फिकट दिसे आणि सनकिस्टच्या शेजारी मांडले की मार खाई. इथिलीनने हिरवा रंग जातो, पण नारिंगी येतोच असे नाही. म्हणून १९३० च्या दशकात फ्लोरिडाने सालीला सरळ रंग द्यायला सुरुवात केली. गरम रंगद्रावणातून फळ काढायचे आणि त्यावर 'कलर अ‍ॅडेड' असा शिक्का मारायचा. कॅलिफोर्नियाने स्वतःच्या फळाला रंग द्यायला बंदी केली. ज्याला गरज नाही त्याला सोवळे पाळायला सोपे जाते.

जो रंग वापरात होता त्याचे सरकारी नाव रेड ३२. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो अपायकारक ठरला आणि १९५५ मध्ये केंद्रातल्या आरोग्य खात्याने त्याला यादीतून काढला. फ्लोरिडाचे बागवान कोर्टात गेले. साल कोण खातो, आणि त्यावरचा रंग तो केवढा, असा त्यांचा युक्तिवाद. अपील न्यायालयाने त्यांचे ऐकले. काँग्रेसनेही १९५६ मध्ये त्यांना तात्पुरती मुदत दिली. पण डिसेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्यात 'निरुपद्रवी' रंगालाच परवानगी आहे. अपायकारक रंग थोडा चालेल, असे ठरवण्याचा अधिकार मंत्र्याला कायद्याने दिलेलाच नाही. स्लायच्या खटल्यानंतर ४३ वर्षांनी फ्लोरिडाची संत्री पुन्हा त्याच न्यायालयात, आणि या वेळी हरलेली. लगेच १९५९ मध्ये दुसरा रंग आला, सिट्रस रेड २, फळाच्या वजनात दहा लाखांत दोन भाग या मर्यादेत, आणि तोही फक्त रसासाठी न जाणाऱ्या फळांवर. या रंगालाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पुढे 'माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या' गटात टाकले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने त्याची परवानगी काढून घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचे जाहीर केले.

तोवर फ्लोरिडात सालीकडे पाहणारे फारसे उरलेच नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फ्लोरिडातल्याच लेक अल्फ्रेडच्या संशोधकांनी गोठवलेल्या घट्ट रसाची रीत बसवली आणि बहुतेक पीक कारखान्यात जाऊ लागले. तिथे बागवानाला पैसे मिळतात ते रसातल्या घन पदार्थांच्या वजनावर. हिरवे की नारिंगी, यंत्राला सारखेच.

कॅलिफोर्नियात मात्र फळ अजूनही हातात घेऊन खाल्ले जाते, आणि तिथे आठास एकची शंभरी भरायला आली तेव्हा एक जुनी शंका मोठ्याने विचारली गेली. ८ टक्के साखर आणि १ टक्का आम्ल, हेही आठास एक. १२ टक्के साखर आणि दीड टक्का आम्ल, हेही आठास एक. पहिले पाणचट, दुसरे रसरशीत. भागाकाराला दोघांत फरक दिसत नाही, पाच वर्षांच्या पोराला दिसतो. चाखणाऱ्या लोकांची मते आणि मोजमापे ताडून नवे सूत्र बसवले गेले आणि २०१२ च्या सुमारास नेव्हल संत्र्यांना ते लागू झाले: साखरेच्या आकड्यातून आम्लाच्या चौपट वजा करायचे, उरेल त्याला साडेसोळाने गुणायचे, उत्तर ९० किंवा वर आले तर पास. पहिल्या फळाचे उत्तर ६६ येते, दुसऱ्याचे ९९. ज्या फळांना कायदा इतकी वर्षे एकाच पंगतीला बसवत होता, त्यांतले एक उठवले गेले.

फ्लोरिडात २००५ मध्ये एक रोग सापडला. चिनी नाव हुआंगलाँगबिंग, रोजच्या बोलण्यात 'ग्रीनिंग'. आपल्या संत्रा-मोसंबीच्या बागांनाही तो नवा नाही. या रोगात फळ वाकडे होते, कडवट होते आणि खालच्या बाजूने हिरवेच राहते. शंभर वर्षे कायद्याने ज्या हिरव्या फळाचा पाठलाग केला, ते आता कुणी लबाडीने तोडत नाही. झाडच तसे देते. २००३-०४ च्या हंगामात राज्यात संत्र्यांच्या २४.२ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२४-२५ मध्ये सुमारे १.२ कोटी. रोगाने आणि वादळांनी रसातली साखरही उतरली. पाश्चराइज्ड संत्रारसात ब्रिक्स किमान १०.५ हवा, असा संघराज्याचा नियम होता आणि फ्लोरिडाचा रस तिथवर पोहोचेना. बागवान आणि कारखानदारांनी २०२२ मध्ये अर्ज केला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हा आकडा १० वर आणण्याचा प्रस्ताव मांडला.